हेल्मेटमधला आवाज

नोएलीन ट्रेम्बाथला मोटरसायकल चालवता येत नव्हती आणि शिकायची हौसही कधी नव्हती. तिची जागा मागच्या सीटवर. लग्नाआधी लिंडसे तिला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरूच्या धक्क्यापासून कडीनापर्यंत डबलसीट न्यायचा, तेव्हा ती त्याच्या पाठीला गाल टेकून बसायची आणि रस्त्याकडे बघायचीसुद्धा नाही. मग जनेल झाली, ती जुनी बाईक विकून मोटार आली. पुढची सगळी वर्षं लिंडसे बंदरावरच्या कोठारांतला गहू पट्ट्यावरून जहाजांत चढवत राहिला आणि नोएलीन हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात पेशंटांची ताटं भरत राहिली. दोघं निवृत्त झाली आणि एक दिवस लिंडसे कुणाला न सांगता बसने ॲडलेडला गेला. संध्याकाळी परत आला तो गडद हिरव्या रंगाच्या, म्हशीएवढ्या मोटरसायकलवर बसून.

"म्हातारचळ लागलाय तुला," नोएलीन फाटकात उभी राहून म्हणाली.

"लागू दे. बस मागे."

ती ॲप्रन न सोडताच बसली.

बाईकबरोबर दोन हेल्मेट आली होती आणि दोन्हींत एकमेकांशी बोलायचं यंत्र होतं. नोएलीनला त्या यंत्राचं सुरुवातीला हसू आलं. लिंडसे घरात बोलायचा तो मीठ दे, दिवा मालव, एवढंच. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्या तोंडून लांबलचक वाक्य फारसं ऐकलं नव्हतं. पण हेल्मेट घालून बाईक गावाबाहेर पडली, की हा माणूस बोलायला लागायचा. कापलेल्या गव्हाच्या शेतांमधून, खाडीच्या कडेने, तो बोलत राहायचा. बापाचा पाय पट्ट्यात अडकून गेला, तो पुढे खिडकीपाशी खुर्चीत बसून राहिला आणि बसल्या बसल्या संपला, हे त्याने तिला तेव्हा पहिल्यांदा नीट सांगितलं. जनेलच्या लग्नात आपण कोठाराच्या मागे जाऊन रडलो होतो, हेही. तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, त्याला जमायचं. नोएलीन मागे बसून ऐकायची. तिला वाटायचं, नवरा आता कुठे मिळाला.

म्हणून मार्चमध्ये जे झालं, त्याबद्दल ती गप्प राहिली.

दोघं पोर्ट ब्रॉटनला मासे खाऊन परत येत होती. ऊन कलतं होतं. रस्ता सरळ, मोकळा. लिंडसे काहीतरी सांगत होता आणि समोर कुणा शेतकऱ्याची पिकअप निम्मी रस्त्यावर, निम्मी मातीत उभी होती, मागचं फळकूट उघडं. नोएलीनला ती केव्हाची दिसत होती. बाईक बाजूला घेईल, आता घेईल, असं म्हणता म्हणता ती फळी अगदी समोर आली.

"लिन, गाडी." लिंडसेला ती लिन म्हणायची.

त्याने बाईक अशी हिसडली, की तिचा गुडघा पिकअपच्या टोकाला चाटून गेला. पुढे जाऊन तो थांबला. दोघांनी हेल्मेट काढली नाहीत.

"पक्ष्यांकडे बघत होतो," तो म्हणाला.

आभाळात एकही पक्षी नव्हता. नोएलीनने मान वळवून पाहिलं, आणि ती म्हणाली, "हो, खूप होते."

त्या दिवसापासून ती बोलायला लागली. आधी तो बोलायचा आणि ती ऐकायची, आता ती बोलायची. "पुढे ट्रक आहे, दमाने चाललाय." "उजव्या हाताला मेंढ्या आल्यात कुंपणाबाहेर." "हे वळण मला कधीच आवडत नाही, जरा डावीकडेच राहा." बाहेरून कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, बाई घाबरट आहे आणि तोंडाळ आहे. लिंडसे हं म्हणायचा, आणि ती सांगेल तसा हात हलायचा. आपण काय करतोय, हे दोघांपैकी कुणीच उच्चारलं नाही. घरी तो पेपर समोर धरून बसायचा आणि पान उलटायचं विसरायचा. एकदा स्वयंपाकघराच्या फरशीकडे बघत म्हणाला, "या रेघा वाकड्या कुणी बसवल्या?" रेघा सरळ होत्या. नोएलीनने बटाटे सोलायचं थांबवलं नाही.

ईस्टरला ती दोघं ब्रोकन हिलला जनेलकडे गेली. बॅरियर हायवेने दिवसभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना करडी झुडपं, मधेच रानबकऱ्यांचे कळप रस्ता ओलांडणार. नोएलीनचा घसा वाटेतलं युंटा गाव येईपर्यंत बसला होता. पेट्रोल पंपावर ती पाण्याची अख्खी बाटली प्यायली. लिंडसे टाकीचं झाकण लावताना म्हणाला, "आज बरीच बडबड केलीस."

"मग काय, तू गप्प झालास. कुणीतरी बोलायला हवं."

तो हसला. झाकण मात्र त्याने बोटांनी चाचपत लावलं.

जनेल चाळिशीच्या पुढे गेलेली, शाळेच्या कचेरीत काम करणारी. तिचा नवरा पर्थकडच्या खाणींवर कामाला जायचा, तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. मागच्या हिवाळ्यात गेला तो आलाच नाही. तिकडे त्याचं दुसरं घर होतं. घर आता आई आणि मुलगी, दोघींचंच. मुलगी टिली, अकरा वर्षांची, काटकुळी, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. आजोबांची बाईक फाटकाशी आली, की ती अनवाणी पळत सुटायची.

ईस्टरच्या रविवारी नोएलीन आणि जनेल मागच्या ओट्यावर कपडे वाळत घालत होत्या. जनेल चिमटे तोंडात धरून बोलत होती, मग तिने ते काढले.

"मम, मला त्याचं काही वाटत नाही आता. राग कशाचा येतो सांगू? त्याच्या खाणीवरच्या टोळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. माझ्या घरी येऊन जेवून गेलीत ती माणसं. एकाने तोंड उघडलं नाही."

"त्यांना वाटलं असेल, आपण कशाला मधे पडा."

"त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. मी वेडी ठरले ना."

नोएलीनने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. हात फिरवताना तिच्या मनात काय आलं असेल ते तिचं तिला ठाऊक. तेवढ्यात घराच्या पुढच्या बाजूने बाईकचा आवाज आला आणि टिलीचा ओरडा. लिंडसेने तिला मागे बसवलं होतं, नोएलीनचं हेल्मेट घालून, कोपऱ्यावरच्या दुकानातून आइस्क्रीम आणायला. नोएलीन घराला वळसा घालून धावली, पण फाटकापर्यंत पोचली तोवर बाईक रस्त्याला लागली होती. ती तिथेच उभी राहिली. दुकान जवळ होतं, रस्त्यावर सुट्टीमुळे चिटपाखरू नव्हतं. तरी बाईक परत येईपर्यंत फाटकाची लोखंडी कडी तिने इतकी घट्ट धरली होती, की तळव्यावर वळ उठला.

"नॅन, पॉप मला वाढदिवसाला सिल्व्हर्टनला नेणार आहे," टिली उतरता उतरता म्हणाली. "सप्टेंबरात. मी बारा वर्षांची झाले की. प्रॉमिस केलंय."

"त्या रस्त्यावरचे सगळे चढउतार, एक सोडायचा नाही," लिंडसे म्हणाला.

जनेल हातात ओला टॉवेल घेऊन बघत होती. किती दिवसांनी हसली होती. नोएलीनने तळव्यावरचा वळ मुठीत झाकला.

जुलैमध्ये ती दोघं पश्चिमेला गेली, देवमासे बघायला. हा प्रवास लिंडसेच्या मनात कित्येक वर्षं होता. पोर्ट ऑगस्टा, किंबा, सेडुना, थंडीने बोटं आखडलेली, आणि नोएलीन बोलतेय, बोलतेय. समुद्राच्या त्या टोकाला लाकडी पायवाट कड्यावर जाते आणि खाली निळंशार पाणी. कठड्याशी उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडून उद्गार निघाला, तेव्हा नोएलीनने पाहिलं. कड्याच्या अगदी पायथ्याशी देवमाशाची मादी संथ पडली होती आणि पिल्लू तिच्या पाठीवर चढून घसरत होतं.

"लिन, बघ. पिल्लू बघ कसं करतंय."

"हो," लिंडसे म्हणाला. "सुंदर."

तो दूर क्षितिजाकडे बघत होता. चेहऱ्यावर कौतुक होतं. बाजूला उभ्या असलेल्या एका बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि मग नोएलीनकडे. नोएलीनने त्याचा दंड धरला आणि हलकेच त्याला खाली वळवलं. पण खाली वळूनही त्याला काही दिसलं नाही, हे तिला त्याच्या दंडातून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेतल्या पेनॉन्ग गावच्या मुक्कामी तो चहा ओतत होता. चहा कपाच्या बाजूने टेबलावर पसरला, टेबलावरून त्याच्या मांडीवर. त्याने किटली खाली ठेवली.

"डॉक्टरकडे जाऊ," नोएलीन म्हणाली.

"डॉक्टर काय सांगणार ते मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तुला जेव्हापासून ठाऊक आहे तेव्हापासून. मधोमध बघितलं की धुकं. कडेला बघितलं की दिसतं. तुझं तोंड बघायचं तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

नोएलीन टेबल पुसायला उठली, तर त्याने तिचा हात धरून बसवलं.

"ऐक. लायसन काढून घेतील. मग काय करू मी? खिडकीत बसू? म्हाताऱ्यासारखा?" म्हातारा म्हणजे त्याचा बाप. "हे वर्ष जाऊ दे. तू बघतेस, मी चालवतो. दोघांचा मिळून एक चांगला ड्रायव्हर होतो. आतापर्यंत काही झालं?"

तिला म्हणायचं होतं, गुडघ्याला फळी घासून गेली ते काय होतं. तिला म्हणायचं होतं, मला रात्री झोप लागत नाही. पण बाईक गेली की हा माणूस पुन्हा मीठ दे आणि दिवा मालव यावर येणार, हेही तिला दिसत होतं.

"हे वर्ष," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर पाऊस लागला, हेल्मेटची काच दोघांचीही धुरकटली. किंबाच्या अलीकडे समोरून येणाऱ्या लांबलचक ट्रकचे दिवे तिला उशिरा दिसले. लिंडसे मधल्या रेघेवर होता. तिने किंकाळी फोडली, तो डावीकडे आला, आणि ट्रकचा वारा दोघांना गदागदा हलवून गेला. ट्रकवाला कितीतरी वेळ भोंगा वाजवत होता. नोएलीनच्या मनात पहिल्यांदा त्या ट्रकवाल्याचा विचार आला. कोण होता, कुठे चालला होता. तोवर ती फक्त लिंडसेचा आणि आपलाच विचार करत आली होती. तरीही घरी पोचल्यावर बाईक पुसायला तिनेच फडकं आणून दिलं.

सप्टेंबर आला. टिलीचा वाढदिवस शनिवारी होता. शुक्रवारी दोघं ब्रोकन हिलला पोचली, नोएलीनच्या बोलण्यावर, तिचा आवाज घोगरा होऊन. शनिवारी सकाळी अजून अंथरुणातच होती दोघं, तेव्हा तिने विषय काढला.

"आज नको, लिन. टिलीला सांग बाईक बिघडलीय."

"सिल्व्हर्टनचा रस्ता मला जनेल इकडे आल्यापासून पाठ आहे. डोळे मिटून जाईन."

"माझं हेल्मेट तिच्या डोक्यावर असणार. तुझ्या कानात कोण बोलणार?"

"टिली बोलेल. ती गप्प कुठे असते?"

"तिला काय माहीत तुला काय सांगायचं ते."

लिंडसेने कूस बदलली. "पोरीला शब्द दिलाय, नोएल. बाप गेला सोडून तिचा. आता आजोबानेही शब्द फिरवायचा?"

तिला वाटलं, बाहेर पडल्यावर ऊन डोळ्यावर आलं की त्यालाच कळेल, काहीतरी निमित्त काढेल. न्याहारी झाली. जनेलने केकवर बारा मेणबत्त्या आधीच टोचून ठेवल्या होत्या, परत आल्यावर कापायला. टिलीने आईचं लेदरचं जाकीट चढवलं, बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. लिंडसेने बाईक फाटकाबाहेर काढली. निमित्त काढायची काही चिन्हं दिसेनात. टिली मागे बसली, आजोबांच्या कमरेला विळखा घातला. जनेल मोबाइलवर फोटो काढत होती.

लिंडसेने इंजिन चालू केलं आणि रस्त्याकडे मान वळवली. समोरून कचऱ्याची गाडी येत होती, पिवळी, एवढी मोठी. लिंडसेने क्लच सोडायला सुरुवात केली.

"टिली, उतर," नोएलीन म्हणाली.

"का?"

"उतर म्हणते ना."

तिचा आवाज असा होता, की लिंडसेने क्लच पुन्हा दाबला आणि टिली उतरली. कचऱ्याची गाडी धडधडत पुढून गेली. ती गेल्यावर लिंडसेने बाईक बंद केली. आपल्या समोरून काय गेलं, ते त्याला आता कळलं होतं.

"काय झालं?" जनेलने विचारलं.

"तुझ्या डॅडला दिसत नाही."

लिंडसे हँडल धरून तसाच बसून होता, पाठमोरा.

"दिसत नाही म्हणजे?"

"मधोमध दिसत नाही. मी मागून सांगते आणि तो चालवतो."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

जनेलने मोबाइल खिशात घातला. ती हिशेब करत होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"ईस्टरला पॉपने मला दुकानात नेलं होतं," टिली म्हणाली. तिला नेमकं कळलं नव्हतं, पण काहीतरी जुळवायला मदत करावी तसं तिने सांगितलं.

"नेलं होतं," जनेल म्हणाली. "आणि तू फाटकात उभी होतीस, मम. मी बघितलं तुला. मला वाटलं, नातीकडे कौतुकाने बघतेय."

"जनेल..."

"मी तुला ओट्यावर काय सांगत होते त्याच दिवशी? काय सांगत होते मी? आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस."

"मला वाटलं..."

"काय वाटलं तुला? समोरून कुणी पोरंबाळं घेऊन येत असेल, त्यांचं काय वाटलं? डॅडचं मी समजू शकते. पुरुष आहे, हट्टी आहे, कबूल करणार नाही. पण तुला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत होतं."

जनेलने वडिलांपुढे हात केला. लिंडसेने किल्ली तिच्या हातावर ठेवली. मग तो उतरला आणि कडेच्या नजरेने वाट शोधत, भिंतीला हात लावत घरात गेला. त्याला असं भिंत चाचपत चालताना टिलीने पहिल्यांदा पाहिलं. तिला रडू फुटलं. केक कुणी कापला नाही.

दोघं बसने परत गेली. बाईक जनेलच्या शेडमध्ये राहिली. बसमध्ये लिंडसे खिडकीकडे तोंड करून बसला. युंटाला बस थांबली तेव्हा नोएलीनने चहा आणला, त्याने घेतला. एवढंच.

ॲडलेडच्या डोळ्यांच्या डॉक्टर बाईने बराच वेळ तपासलं. मग खुर्ची पुढे ओढून, त्याला बाजूने दिसेल अशा बेताने बसली.

"लिंडसे, डाव्या डोळ्याचं आता फारसं काही होण्यासारखं नाही. उजवा आहे तेवढा राखायचा प्रयत्न करू. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, दर महिन्याला. वाटतं तेवढं भयंकर नसतं. गाडी मात्र चालवायची नाही. कुठलीच."

"चालवत नाही," लिंडसे म्हणाला.

नोएलीनने विचारलं, "मार्चमध्ये आलो असतो तर?"

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. "तेव्हा आला असतात तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "डावाही कदाचित राहिला असता. पण पुष्कळ लोक उशिराच येतात."

लिफ्टमध्ये दोघंच होती.

"कशाला विचारलंस ते?" लिंडसे म्हणाला. वाढदिवसाच्या त्या सकाळनंतर तिच्याशी बोललेलं हे त्याचं पहिलं सरळ वाक्य.

"मला ऐकायचं होतं."

"ऐकलंस. झालं समाधान?"

नोएलीनला रडू आलं नाही. तळमजला आला आणि तिने त्याला दार कुठे आहे ते सांगितलं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर फार वाईट गेले. लिंडसे सकाळी उठून पुढच्या खोलीत बसायचा, खिडकीपाशीच. रेडिओ लावायचा आणि ऐकायचा नाही. बंदरावरचे जुने सोबती आले तर आत जाऊन झोपायचा. जनेलचा फोन रविवारी यायचा. "डॅडला दे," एवढंच ती आईला म्हणायची, आणि नोएलीन रिसीव्हर नवऱ्याच्या हातात देऊन मागे वाफ्यातलं गवत उपटत बसायची. इंजेक्शनाच्या दिवशी ती मोटार चालवायची. ॲडलेडपर्यंत तिने कधी गाडी नेली नव्हती, नेहमी लिंडसेच न्यायचा. पहिल्यांदा नेली तेव्हा पोर्ट वेकफिल्डच्या पुढे मागून येणारे तिला शिव्या घालत पुढे जात होते, इतकी ती हळू चालली होती.

"बैलगाडी बरी," लिंडसे म्हणाला.

तिने वेग वाढवला नाही. मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "पोरीसमोर सांगायला नको होतंस."

"तुला एकट्याला सांगितलं होतं. सकाळी."

"आठवतंय."

"मग कुणासमोर सांगायचं होतं, लिन? ती बसली होती मागे."

शेतांत कापणीची यंत्रं धूळ उडवत होती.

"ती कचऱ्याची गाडी," तो शेवटी म्हणाला. "मला खरंच दिसली नाही. आवाज आला. पण तो बाईकचाच वाटला." आणि मग, "मी निघालो होतो, नोएल. तू बोलली नसतीस तर मी निघालोच होतो."

नोएलीनने गाडी कडेला घेतली. त्याने तोंड फिरवलं होतं. ती इंजिन बंद करून बसून राहिली, आणि त्याचं रडू आवरल्यावर पुन्हा निघाली.

त्या रविवारी त्याने फोनवर जनेलला सांगितलं, बाईक विकून टाक.

"कुणाला विकू?"

"ज्याला दिसतं त्याला," लिंडसे म्हणाला. पलीकडे जनेल हसली की काय, ते नोएलीनला कळलं नाही. पण त्या दिवशी फोन ठेवायच्या आधी जनेलने त्याला विचारलं होतं, मम कशी आहे.

नाताळला जनेल आणि टिली आल्या. भट्टीसारखं ऊन होतं. ओहोटीच्या वेळी सगळी खेकडे पकडायला उथळ पाण्यात उतरली. लिंडसे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टिलीचा खांदा धरून चालत होता आणि टिली लांब दांड्याच्या जाळीने वाळू खरवडत होती. तो तिला खेकडा मागून कसा धरायचा ते सांगत होता, ती त्याला खेकडा कुठे आहे ते. जनेल आणि नोएलीन बऱ्याच मागे राहिल्या.

"मी अजून रागावलेलीच आहे," जनेल म्हणाली.

"माहीत आहे."

"तू माफी मागितलीस, पत्रातही लिहिलंस, ते सगळं ठीक आहे. पण मी विसरणार नाही, मम. विसरले असं सांगितलं तर खोटं होईल."

"नको विसरू."

"एक विचारू? का केलंस?"

नोएलीनच्या घोट्यांभोवती कोमट पाणी हलत होतं. तिने पुष्कळ दिवस या प्रश्नाचं उत्तर तयार करून ठेवलं होतं, लिंडसेच्या बापाचं, त्याच्या मानाचं. ते तिने सांगितलं नाही.

"तो माझ्याशी बोलायचा," ती म्हणाली. "बाईकवर. घरात कधी बोलला नाही तेवढा. मला ते सोडवेना."

जनेल थांबली. तिने आईकडे पाहिलं, मग पुढे पाण्यात लिंडसे आणि टिली होते तिकडे. पुढे खडकांपाशी शेवाळ होतं, तिथे तिने आईचा हात धरला, आणि खडक संपल्यावर लगेच सोडला.

जानेवारीत जनेलला कामावर हजर व्हायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी भांडी पुसताना ती म्हणाली, "टिली राहू दे इथे. शाळा उघडेपर्यंत."

नोएलीनच्या हातातली बशी तशीच राहिली. "तुला चालेल?"

"गाडी तू चालवायची. पाण्यात तिला डॅडच्या भरवशावर सोडायचं नाही. आणि काही झालं, काहीही, तर मला सांगायचं. नंतर नाही. तेव्हाच."

"सांगेन."

"बघू," जनेल म्हणाली आणि बशी तिच्या हातातून घेऊन फडताळात ठेवली.

ती गेली त्याला दोन दिवस झाले असतील. सकाळी लिंडसे टिलीसाठी कोंबड्यांची अंडी घेऊन मागच्या दाराच्या पायऱ्या चढत होता आणि शेवटच्या पायरीवर चुकला. आडवा झाला. टिली किंचाळत आत आली. नोएलीन धावली तोवर तो उठून बसला होता, कोपर सोललेलं, कपाळावर टेंगूळ, आणि शर्टावर फुटलेल्या अंड्यांचा चिखल.

"काही नाही," तो म्हणाला. "पायरी दिसली नाही. डेटॉल आण आणि गप बस."

तिने जखम धुतली, पट्टी बांधली. टिली बर्फ घेऊन उभी होती. मग नोएलीन आत गेली आणि फोन उचलला.

"कुणाला लावतेस?" लिंडसेने दारातून विचारलं.

"जनेलला."

"एवढ्यासाठी? कामावर असेल ती. उगाच घाबरेल. टिलीला पुढच्या आठवड्यात घेऊन जाईल, बघ."

"नेऊ दे."

"नोएल, ठेव तो फोन."

तो दाराची चौकट धरून उभा होता, तिच्या कानाकडे बघत. नोएलीनने त्याच्याकडे पाहिलं, आणि पलीकडे घंटी वाजत राहिली. तिसऱ्या-चौथ्या घंटीला जनेलने उचललं.

"मम? काय झालं?"

"टिली ठीक आहे," नोएलीन म्हणाली. "डॅड पडला. मागच्या पायरीवरून, आत्ताच. फार लागलं नाही, पण पडला. तुला सांगते आहे."